डासवाल्या मॅडमचा प्रस्ताव

लोकांच्या घरात शिरून फ्रिजच्या मागे टॉर्च मारणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. चोरसुद्धा इतक्या बारकाईने घर बघत नसतील. आम्ही रीतसर बेल वाजवतो, आणि आतून आवाज येतो, "आमच्याकडे डास नाहीत, बी विंगमध्ये बघा." बी विंगवाले पुन्हा ए विंगकडे पाठवतात. वसईच्या आरोग्य खात्यात कीटकजन्य आजारांच्या कामावर मी पर्यवेक्षक आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर डासांच्या अळ्या शोधते. मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली, गच्चीवर टाकलेला टायर, झाकण फुटलेली टाकी. साचलेलं पाणी दिसलं की डावाने घ्यायचं, उजेडात धरायचं, वळवळ दिसली की ओतून टाकायचं, घरातल्या माणसाला दोन शब्द ऐकवायचे आणि पुढच्या दाराची बेल वाजवायची. पंचवीसेक वर्षं हेच केलं. माझं खरं नाव सोसायट्यांमध्ये कुणाला ठाऊक नाही. सगळे डासवाल्या मॅडम म्हणतात.

या अंकाच्या संपादकांनी "वाचकांना आरोग्याचा संदेश द्या" असं सांगितलं होतं. संदेश देऊन देऊन माझा घसा बसला आणि लोकांनी टाक्यांची झाकणं काही लावली नाहीत. त्यापेक्षा एकोणपन्नासाव्या वर्षी मी सार्वजनिक आरोग्यात पीएच.डी.साठी अर्ज केला, त्याची फजिती सांगते. दुसऱ्याची फजिती लोक शेवटपर्यंत ऐकतात, हा माझा क्षेत्रीय अनुभव आहे.

आधी आमच्या खात्याचा एक स्वभाव सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यानेच अंगाशी आलं. आमच्याकडे कागदावरचा कुठलाही रकाना रिकामा सोडायचा नसतो. अळी सापडली तर आकडा लिहा, नाही सापडली तर "निरंक" लिहा, पण कोरा ठेवू नका. कोरा रकाना म्हणजे माणूस कामावर गेलाच नाही. वरिष्ठांनी काही विचारलं आणि आपल्याला ठाऊक नसलं तर "माहिती संकलित करण्यात येत आहे" असं म्हणायचं. "माहीत नाही" हे दोन शब्द मी नोकरीला लागल्या दिवसापासून खात्याच्या आवारात कुणाच्या तोंडून ऐकले नाहीत.

भुईगावची गोष्ट घ्या. तिथे वाड्यांमधून बावखलं आहेत, म्हणजे बागेला पाणी घालायला पिढ्यान्‌पिढ्या राखलेली गोड्या पाण्याची तळी. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे त्यांत सोडायचे असा आदेश आला. मी आणि आमचा जनार्दन पिशव्या भरून मासे घेऊन गेलो. जनार्दन मूळचा जूचंद्रचा, माझ्या हाताखाली फवारणी कर्मचारी आहे, म्हणजे कागदावर तरी माझ्या हाताखाली. मी काठावर उभं राहून वाडीच्या मालकांना, एका वयस्कर ख्रिस्ती आजोबांना, माशांचं महत्त्व पाच मिनिटं समजावलं आणि पिशवी पाण्यात रिकामी केली. आजोबा शांतपणे बघत होते. पाण्यात खळबळ झाली, खालून बोटभर लांबीचे देशी मासे वर आले आणि आमच्या सरकारी गप्पींची न्याहारी करून परत खाली गेले.

"चांगले होते हो मासे," आजोबा म्हणाले. "उद्या पण आणणार काय?"

त्या दिवशीच्या अहवालात मी लिहिलं, "बावखलात गप्पी मासे सोडण्यात आले. कार्यवाही पूर्ण." त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पण असे अहवाल लिहिणारी बाई संशोधन करायला निघाली, तर काय होईल याचा अंदाज तुम्हाला आला असेल. मला आला नव्हता.

मी निघाले कशासाठी, तेही सांगते. जूचंद्रच्या नव्या इमारतींपैकी एकीत वैशाली राहायची. नाव बदललं आहे, आणि तिच्या यजमानांना विचारून लिहिते आहे. आमच्या धंद्यात शंभर घरांत एखादं घर असं मिळतं, जिथे बेल वाजवल्यावर दार उघडतं, चहा मिळतो आणि वर "मॅडम, गच्चीवर पण चला ना" असं ऐकायला मिळतं. वैशालीने माझं ऐकून सगळ्या इमारतीला कोरडा दिवस पाळायला लावला. आठवड्यातून एकदा प्रत्येक घरातली भांडी रिकामी करून, घासून, सुकवून ठेवायची. कुणी टाळलं तर सोसायटीच्या ग्रुपवर ती त्याच्या दाराबाहेरच्या बादलीचा फोटो टाकायची. लोक तिच्यावर चिडायचे आणि बादली उपडी करायचे. मी दुसऱ्या सोसायट्यांमध्ये तिचं उदाहरण द्यायचे. माझ्या सगळ्या नोकरीत माझं शंभर टक्के ऐकणारी ती एकटी बाई.

पावसाळा सरताना ती डेंग्यूने गेली.

आम्ही दुसऱ्याच दिवशी ती इमारत पिंजून काढली. प्रत्येक घर, गच्ची, पाण्याच्या मीटरचा खड्डा, लिफ्टच्या खालची जागा. एक अळी मिळाली नाही. आजूबाजूच्या इमारतीही पाहिल्या. मी रकान्यात "निरंक" लिहिलं आणि घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले. वाईट तर वाटतच होतं, पण रागही होता. मी जे सांगितलं ते तिने सगळं केलं होतं. मग हा डास आला कुठून? हे विचारायला आमच्याकडे रकानाच नव्हता.

अर्जाची कल्पना माझ्या मुलीची, मृण्मयीची. ती एका औषध कंपनीत आकडेमोडीचं काम करते. "आई, तू रोज जेवताना तेच बोलतेस," ती म्हणाली. "मग शोध ना. रीतसर शोध." प्राणिशास्त्रातली एम.एस्सी. माझ्याकडे होती, सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवीही नोकरी सांभाळून बाहेरून केली होती. प्रवेश परीक्षा दिली आणि पास झाले. मला वाटलं, झालं. तिथूनच खरी सुरुवात होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वर्गात बसून, पेपर लिहून मिळणारी पदवी वेगळी आणि संशोधनाची वेगळी. पहिलीत प्रश्न ते विचारतात आणि उत्तर आपण देतो. दुसरीत प्रश्न आपण घेऊन जायचा, आणि तो प्रश्न व आपल्याला पुढची काही वर्षं सहन करील असा मार्गदर्शक आपणच शोधायचा. प्रत्येक मार्गदर्शकाकडे जागा ठरलेल्या असतात, आणि निवृत्ती जवळ आली की नवीन विद्यार्थी घेता येत नाही. थोडक्यात, लग्न जमवण्यासारखंच. मी या बाजारात एकोणपन्नासाव्या वर्षी उभी राहिले होते, तेही हातात डाव घेऊन.

मार्गदर्शकांना मी ईमेल पाठवले. "विषय : मार्गदर्शक मिळणेबाबत. संदर्भ : निरंक. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर अर्जदार वसई परिसरात डासनियंत्रणाचे काम पाहत असून..." खाली नाव, हुद्दा, खातं. बऱ्याच जणांनी उत्तरच दिलं नाही. एका प्राध्यापकांचं मात्र तासाभरात आलं. मी आनंदाने मृण्मयीला हाक मारली. त्यांनी लिहिलं होतं, "आपण स्वतःहून लक्ष घातलंत याबद्दल आभार. आमच्या वसतिगृहामागे गटार तुंबलं असून डासांचा फार उपद्रव आहे. कृपया लवकरात लवकर फवारणी व्हावी."

मृण्मयी हसून हसून सोफ्यावरून खाली सरकली. मी सवयीप्रमाणे त्यांना कोणत्या कार्यालयात तक्रार द्यायची ते कळवलं. त्यांनी पुन्हा आभार मानले. गटार साफ झालं म्हणतात. संशोधनाच्या क्षेत्रातलं माझं पहिलं योगदान तेच.

शेवटी सोनाळकर मॅडम भेटल्या. मुंबईतल्या एका संस्थेत शिकवतात, साथरोगांचा अभ्यास करतात. त्यांच्याकडे एकच जागा शिल्लक होती आणि ती भरायचं त्यांचं हे शेवटचं वर्ष होतं. "प्रस्ताव पाठवा, बघू," त्या म्हणाल्या. दुसरं कुणी मला दारात उभं करायला तयार नव्हतं. म्हणजे हे जमलं तर जमलं, नाहीतर वैशालीचा तो प्रश्न जेवणाच्या टेबलावरच राहणार होता.

मी जीव ओतून प्रस्ताव लिहिला. शीर्षक होतं, "वसई परिसरातील डासउत्पत्ती नियंत्रणाची यशस्वी अंमलबजावणी : एक अभ्यास." पहिल्या पानावर पार्श्वभूमी, दुसऱ्यावर करण्यात आलेली कार्यवाही, तिसऱ्यावर निष्कर्ष, चौथ्यावर शिफारशी. शेवटी धूरफवारणीचे दोन फोटो जोडले, त्यातल्या एकात मी. कुठेही एक ओळ रिकामी नाही. वैशालीचा उल्लेखही नाही, कारण आमच्या अहवालात मनातलं लिहायचं नसतं.

मॅडमनी बोलावून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, यात निष्कर्ष आहेत."

"हो मॅडम. सविस्तर."

"मग पुढची काही वर्षं तुम्ही काय करणार? सत्कार स्वीकारणार?"

मी हसले, कारण वरिष्ठ बोलले की हसायचं असतं.

"प्रश्न कुठे आहे यात?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला जे ठाऊक नाही, ते कुठे लिहिलंय?"

मला वाटलं, हा काहीतरी सापळा असणार. ठाऊक नसलेलं लेखी कोण देतं? मी घरी येऊन दुसरा मसुदा केला. त्यात प्रश्न घातले, पण प्रत्येक प्रश्नाखाली कंसात उत्तरही लिहिलं, मॅडमना शोधायचा त्रास नको म्हणून. तिसऱ्यात उत्तरं काढली, तर प्रश्नांच्या जागी नागरिकांना सूचना आल्या. मृण्मयी म्हणाली, "आई, हे वाचून मला स्वतःलाच दंड होईल असं वाटतंय." चौथा मसुदा तिच्या मदतीने कसाबसा उभा राहिला. "लोकांच्या निष्काळजीपणाची कारणे" असा काहीतरी विषय होता. मॅडमनी तो वाचला, उसासा टाकला आणि म्हणाल्या, "समितीपुढे या. तिथे बघू."

ऑफिसातही बातमी फुटली होती. साहेबांनी ना हरकत पत्रावर सही करताना विचारलं, "म्हणजे डॉक्टर झाल्यावर तुम्ही डासांना इंजेक्शन देणार?" जनार्दनचं म्हणणं त्याहून सरळ होतं. "बाई, पानी तिथं मच्छर. याला पीएचडी कशाला पायजे?" मी दोघांनाही पेढे मिळतील असं सांगून टाकलं.

मुलाखतीच्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून गेले. खोलीत समितीचे तिघे बसलेले, त्यात एक सोनाळकर मॅडम. कोपऱ्यात मोठी कुंडी, तिच्याखाली ताटली, ताटलीत पाणी. माझं अर्धं लक्ष तिथेच गेलं. एका सरांनी माझ्या कामाबद्दल विचारलं. मी पाठ केलेलं सगळं बोलले. जनजागृती, लोकसहभाग, समन्वय. सर मान डोलावत होते. पण आमच्या साहेबांची मानही भाषणात अशीच डोलते आणि मग ती छातीवर टेकते, त्यामुळे मी आणखी जोरात बोलले. सोनाळकर मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

तेवढ्यात सरांनी विचारलं, "तुमचं म्हणणं, लोक निष्काळजी असतात म्हणून आजार पसरतो. मग जिथे लोक काळजी घेतात, तिथे कुणी आजारी पडत नसेल?"

याचं उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. तोंड उघडलं आणि "माहिती संकलित..." इथपर्यंत आले. डोळ्यांपुढे ती इमारत, तिचं सुकत घातलेलं भांडं न्‌ भांडं. आणि मग जे मी कुठल्याच मसुद्यात लिहिलं नव्हतं ते सगळं बोलून गेले. वैशाली, तिचा ग्रुपवरचा फोटोंचा धाक, तिचा चहा, लिफ्टखालची कोरडी जागा. नाक वाहत होतं, रुमाल घरी राहिला होता.

"मग डास कुठून आला?" सरांनी हळूच विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "इतकी वर्षं आम्ही पाण्याच्या मागे फिरतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. पण माणूस दिवसभर कुठे फिरतो, ते आम्ही विचारतच नाही. तिला तो घरात चावला की बाजारात, की शाळेच्या फाटकाशी, मला खरंच माहीत नाही."

सोनाळकर मॅडम आता खिडकीबाहेर बघत नव्हत्या. सरांनी मला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेरच्या बाकावर बसून मी स्वतःला भरपूर शिव्या घातल्या. आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांपुढे "माहीत नाही" म्हणाले, तेही दोनदा, तेही रडत. मृण्मयीला मेसेज केला, "गेलं." ती काही समजूत घालणारं लिहीत होती तेवढ्यात आत बोलावलं. मी उभी राहिले. सर बोलायला लागणार, इतक्यात मला राहवलं नाही.

"सर, त्या कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओतून टाका. एवढ्यात बघितलं मी, अळ्या आहेत."

तिघेही वाकून बघायला लागले. मी टॉर्च मारून दाखवल्या. त्यानंतर, ताटली हातात धरूनच, सोनाळकर मॅडम म्हणाल्या, "प्रस्ताव पुन्हा लिहा. आत्ता सांगितलंत तेवढाच. जागा तुमची." मी पुन्हा रडले. शिपायाने मला चहा आणून दिला आणि ताटली बाहेर नेली.

नवा प्रस्ताव दीड पानांचा झाला. डेंग्यू झालेल्या माणसांनी तापाआधीचे दिवस कुठे कुठे घालवले, ते घरच्यांना विचारायचं, त्या वाटेने स्वतः चालायचं आणि तिथलं पाणी शोधायचं. मग नैतिकता समिती नावाचं प्रकरण आलं. कुणालाही काही विचारण्याआधी त्याला सगळं समजावून सांगायचं, नको म्हणायचा हक्क आहे हेही सांगायचं आणि लेखी संमती घ्यायची. बेल वाजवून सरळ स्वयंपाकघरात घुसणाऱ्या बाईला हे किती जड गेलं ते विचारू नका.

पहिलं घर मी वैशालीचंच घेतलं. नवीन साथीतल्या रुग्णांपासून सुरुवात करा असं मॅडम म्हणाल्या होत्या, पण मला दुसऱ्या कुठल्या दाराची बेल आधी वाजवणं जमेना.

तिचे यजमान, मोरे, मुंबईला नोकरीला जातात. रविवारी घरी होते. मुलगा क्लासला गेला होता. मी खुर्चीच्या कडेला बसून समजावलं. हे कशासाठी आहे, यातून तिच्याबाबतीत काही हाती लागेलच असं नाही, नको वाटलं तर आत्ताही नाही म्हणा. त्यांनी ऐकून घेतलं.

"ताई, आता इतक्या दिवसांनी काय सापडणार?"

पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, काळजी करू नका, कार्यवाही होईल. "सापडेल की नाही, मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण जे कळेल ते आधी तुम्हाला सांगेन. काही नाही कळलं तरी सांगेन."

त्यांनी सही केली. मी पहिला प्रश्न वाचला. ताप येण्याच्या आधीच्या आठवड्यात त्या रोज साधारण कुठे कुठे जात होत्या?

मोरे बोलायला लागले आणि थांबले. "सकाळी मुलाला सोडायला..." म्हणाले, मग म्हणाले, "नाही, तो रिक्षाने जायचा बहुतेक." भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे बघितलं. मला वाटलं, आठवतायत.

"मी सकाळी उजाडायच्या आत निघायचो ताई. यायचो तेव्हा जेवण तयार असायचं. रोज विचारायची, कसा गेला दिवस? मी सांगायचो. तिचा कसा गेला, ते मी..." त्यांनी डोळे पुसले. "कुठे जायची, कुणाकडे बसायची, भाजी कुठून आणायची, मला काहीच माहीत नाही हो."

मी पेन खाली ठेवलं. त्यांच्याबद्दल वाईट वाटत होतं आणि स्वतःबद्दलही, कारण इतके चहा पिऊन मीही तिला तिच्या टाकीशिवाय कधी काही विचारलं नव्हतं. त्यांना म्हटलं, राहू द्या, शेजाऱ्यांना विचारते, खाली भाजीवाल्या मावशी बसतात, त्यांनाही विचारते. तुम्ही त्रास करून घेऊ नका.

मोरे उठले. मला वाटलं, पाणी आणायला गेले. ते दारापाशी गेले, खाली वाकले आणि पायात चपला घालायला लागले.

"चला," ते म्हणाले. "मी पण येतो. मलाही कळू दे."